मांजरेकाठची तीन राज्यगीते

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात मांजरा नदी उगम पावते. लातूर जिल्ह्याला पाणी पाजून ती कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात शिरते, तेथून तेलंगणात उतरते, निजामसागर भरते, मग उत्तरेकडे वळून नांदेड जिल्ह्याची सीमा धरून चालते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. सुमारे सव्वासातशे किलोमीटरच्या या वाटेत तिला आज तीन राज्ये लागतात. १९५६ पर्यंत मात्र तिचा सारा प्रवास एकाच राज्यात होत असे. ते राज्य हैदराबादचे. त्या राज्याचे तीन भाग तीन दिशांना गेले, आणि ज्या तीन राज्यांत ते आज आहेत, त्या तिन्ही राज्यांनी आपापले राज्यगीत ठरविले : कर्नाटकाने २००४ साली, महाराष्ट्राने २०२३ साली आणि तेलंगणाने २०२४ साली. आजच्या विषयाकडे आम्ही या नदीच्या काठाने येत आहोत. याचे कारण असे की, राज्यगीताचा वाद मुंबईस वा पुण्यास जसा दिसतो, तसा तो नांदेड-लातूरकरांस दिसत नाही. आम्ही हुकमाने गाण्याचे गीत पाहिलेले आहे, आणि हुकमाने बंद केलेले गीतही पाहिलेले आहे.

प्रथम घटना सांगू. ३१ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले, आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून, म्हणजे शिवजयंतीच्या दिवसापासून, तो निर्णय अमलात आला. गीत राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे, आणि ज्या आवाजाने ते घरोघरी पोचले तो शाहीर साबळे यांचा. बढे नागपूरचे, खळ्यांचे बालपण बडोद्यात गेलेले, साबळे वाईजवळच्या पसरणीचे. मूळ गीतातील दोन कडवी घेतली गेली आणि गायनाची वेळ एक मिनिट एकेचाळीस सेकंदांत बसविली गेली. राष्ट्रगीताचा मान पहिला, हे स्पष्ट केले गेले. गीत चालू असता सावधान उभे राहावे, परंतु लहान बालके, आजारी माणसे, गरोदर स्त्रिया, दिव्यांग व वृद्ध यांना त्यातून सूट असावी, असेही सांगितले गेले. राज्य स्थापन झाले १ मे १९६० रोजी. त्याला अधिकृत गीत मिळाले त्रेसष्टाव्या वर्षी. योगायोग असा की, ते वर्ष मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाचे होते.

या निर्णयावर आमच्याकडे तीन प्रश्न विचारले जातात. या गीतात मराठवाडा कोठे आहे, हा पहिला. हेच गीत का, दुसरे का नाही, आणि ते ठरविणारे मंत्रिमंडळ कोण, हा दुसरा. आणि गीत ठरवून पोट भरते काय, पाण्याचे बोला, हा तिसरा. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्या खाली एक चौथा प्रश्न दडलेला आहे, तो सहसा कुणी विचारीत नाही. राज्यगीत कोणी गावे, आणि न गाणाऱ्याचे काय करावे, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर द्यायला आमचा इतिहास समर्थ आहे, म्हणून आधी इतिहास पाहू.

निजामाच्या राज्याला त्याचे स्वतःचे राज्यगीत होते. जगन्नियंत्याने हे राज्य अनंत काळ राखावे आणि उस्मानास वैभवासह सुखरूप ठेवावे, अशी त्यातली प्रार्थना होती. भाषा उर्दू, आणि ती भाषा गोड आहे. दोष भाषेकडे नव्हता. दोष असा होता की त्या गीतात राजा होता, राज्य होते, पण प्रजा नव्हती. मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणारी बहुसंख्य माणसे त्यात फक्त गाणारी म्हणून होती. गाण्याचा विषय म्हणून नव्हती. अनंत काळासाठी केलेली ती प्रार्थना १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. त्या गीतावर कुणी बंदी घातल्याची आठवण कुणास नाही. बंदीची गरजच पडली नाही. ज्या दिवशी हुकूम गेला, त्या दिवशी गाणारा गेला.

आता दुसरे गीत. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वीच बंदी आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहांतील मुले सायंप्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी ऐकले नाही. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांना प्रवेश देण्यास अन्य विद्यापीठे कचरत असता नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू केदार यांनी दार उघडले, आणि ही मुले नागपूरला जाऊन शिकली. पुढे १९९१ साली देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच पिढीतले, त्याच चळवळीतले. ज्या नागपुराने आमच्या मुलांना गाण्यापायी आश्रय दिला, त्याच नागपूरच्या कवीचे गीत पाऊणशेहून अधिक वर्षांनी आमचे राज्यगीत व्हावे, यात कार्यकारणभाव काही नाही. परंतु ऋण आठवावयास एवढे निमित्त पुरे आहे.

या दोन गीतांतून इतिहासाचा एक धडा निघतो. गीताला सत्ता मिळते ती शासनाच्या कागदाने नव्हे. ज्याने गाण्यासाठी काही सोडले, त्याच्याकडून ती मिळते. वसतिगृहातील मुलांनी शिक्षण पणाला लावले, म्हणून त्यांचे गीत आमच्या प्रदेशात रुजले. निजामाच्या गीतासाठी कुणी काही सोडले नाही, म्हणून त्याचे नावही आज सांगावे लागते.

येथे थांबलो असतो तर हा इतिहास आम्हांस फार सोयीचा झाला असता. परंतु अर्धा इतिहास सांगणे हे व्याख्यानमालेच्या व्यासपीठास शोभत नाही. १९२१ च्या नोव्हेंबरात हैदराबाद शहरात, विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात, एक सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी कर्वे. सुधारणेची परिषद, अध्यक्ष सुधारकांचे अग्रणी. भाषणे इंग्रजी, उर्दू, मराठीत होत होती. अल्लमपल्ली वेंकटराम राव नावाचे गृहस्थ तेलुगूत बोलावयास उभे राहिले, आणि सभेतील इतरभाषकांनी, त्यांत मराठी श्रोते होते, त्यांची हुर्यो उडविली. त्या अपमानातून तेलुगू मंडळींनी आंध्र जनसंघ स्थापन केला, आणि त्याच धाग्यातून पुढे आंध्र महासभा उभी राहिली. कानडी मंडळींची कर्नाटक परिषद झाली. आमची महाराष्ट्र परिषद १९३७ साली परतूरला भरली, दुसरे अधिवेशन लातूरला, तिसरे नांदेड जिल्ह्यातील उमरीस. एका जुलमी राज्यातील तीन भाषांची माणसे तीन मंडपांत बसली, आणि स्टेट काँग्रेसच्या एका मंडपात त्यांना आणावयास पुढे स्वामी रामानंद तीर्थांना किती सायास पडले, हे सर्वांस ठाऊक आहे. स्वामीजींचा जन्म आजच्या कर्नाटकातला, कर्मभूमी मराठवाडा, आणि नेतृत्व तिन्ही प्रांतांचे. आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ नांदेडला आहे. भाषा दाबली जाते तेव्हा माणसाला काय वाटते, हे निजामाने आम्हांस शिकविले. आणि भाषा दाबणारा दरवेळी निजामच असतो असे नाही, हे १९२१ च्या त्या सभेने शिकविले.

एवढी शिदोरी बरोबर घेऊन वर्तमानाकडे येऊ. शेजारच्या दोन राज्यांनी गीत कसे निवडले ?

कर्नाटकाने कुवेंपु यांची कविता ६ जानेवारी २००४ रोजी नाडगीत म्हणून जाहीर केली. कवीच्या थोरवीविषयी वाद नव्हता. वाद झाला तो कवितेतील नामावळीवर. आचार्यांच्या मालिकेत मध्वाचार्यांचे नाव असावे की नसावे, यावर पंडित व पंथीय भांडले. मग वाद चालीवर गेला. कुणाला मैसूर अनंतस्वामींची चाल हवी, कुणाला सी. अश्वथ यांची. गीत किती मिनिटांत संपावे, यावर समित्या बसल्या. २०२२ साली अनंतस्वामींची चाल व अडीच मिनिटांची मर्यादा ठरली, तरी प्रकरण उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढलेच. गीताचे शब्द एकदा राज्याचे झाले की त्यातील प्रत्येक नाव हे मानाचे पान होते, आणि पंगतीत ज्याचे पान मांडले नाही तो रुसतो. हा मनुष्यस्वभाव आहे. त्यास हसून चालत नाही.

तेलंगणाची कथा वेगळी. अंदेश्री हे शाळेत न गेलेले कवी. त्यांचे गीत वेगळ्या राज्याच्या चळवळीत गावोगाव गायिले गेले. २ जून २०१४ रोजी राज्य मिळाले, पण गीताला अधिकृत मान मिळावयास दहा वर्षे गेली. २०२४ साली तो मिळाला, तेव्हा वाद उठला तो संगीतकारावर. चाल बांधण्याचे काम एम. एम. कीरवाणी यांच्याकडे होते, आणि ते आंध्रचे. ज्यांच्यापासून वेगळे झालो त्यांच्याच माणसाने आमचे गीत का सजवावे, असा आक्षेप आला. आम्हांस हा आक्षेप पटत नाही, परंतु त्यामागची जखम समजते. तिचे एक टोक १९२१ च्या त्या नाट्यगृहात आहे, आणि ते आमच्या हातून सुटलेले आहे.

कुणी म्हणेल, मंत्रिमंडळाने ठरविण्याऐवजी लोकांचे मत घ्यावे. हा प्रयोगही जगात झालेला आहे. अमेरिकेत राज्यांना अधिकृत गीते असतात, आणि काही राज्यांनी त्यांखेरीज तरुणांच्या आवडीचे एक अधिकृत ‘रॉक’ गीतही ठरविले. गिटार आणि ढोलांच्या दणदणाटात गायिले जाणारे ते संगीत. ओहायो राज्याच्या विधिमंडळाने १९८५ साली असे एक गीत निवडले. ओक्लाहोमा राज्याने २००९ साली चक्क मतदान घेतले, आणि फ्लेमिंग लिप्स या वाद्यवृंदाच्या एका गीताला निम्म्याहून अधिक मते पडली. सिनेटने मान्यता दिली. कनिष्ठ सभागृहात मात्र ठराव थोडक्या मतांनी पडला, कारण वाद्यवृंदातील एक जण विधिमंडळात विळा-हातोड्याच्या चिन्हाचा सदरा घालून आला, हे काही सदस्यांना खपले नाही. गव्हर्नरांनी आपल्या अधिकारात आदेश काढून लोकांचा कौल राखला. २०१३ पर्यंत गव्हर्नर बदलल्या होत्या. तो आदेश पुढे चालू राहिला नाही आणि गीताचा मान गेला. गीत तेच, गाणारे तेच, लोकांचे मत तेच. एका सहीने चढविले आणि पुढच्या सहीच्या अभावी उतरले. मतदानाने गीत निवडता येते, टिकविता येत नाही, एवढे यावरून दिसते.

आता आमच्या तीन प्रश्नांची उत्तरे.

हेच गीत का ? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे आणि गोविंदाग्रजांचे महाराष्ट्रगीत हीदेखील थोर गीते आहेत, आणि काव्य म्हणून त्यांना अधिक गुण देणारे रसिक पुष्कळ आहेत. परंतु गोविंदाग्रज १९१९ साली गेले आणि कोल्हटकर १९३४ साली. त्यांचा महाराष्ट्र हा मनातला महाराष्ट्र होता. त्याला राज्य नव्हते, सीमा नव्हती. बढे-खळे-साबळे यांचे गीत राज्याच्या जन्माच्या सुमाराचे आहे. शिवाय ते शाहिराच्या गळ्यातून आलेले आहे, आणि मराठी मुलखात शाहीर हा चावडीवरचा माणूस, दरबारातला नव्हे. त्रेसष्ट वर्षे ते शाळांतून, वरातींतून, मिरवणुकींतून वाजत राहिले. मंत्रिमंडळाने निवड केली असे आम्ही म्हणतो; खरे पाहता लोकांनी आधीच केलेल्या निवडीवर त्याने शिक्का मारला. दोनच कडवी घेतली, ही तक्रारही नवी नाही. १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने ‘वंदे मातरम्’ची पहिली दोन कडवी सभांतून गावी असे ठरविले होते. गीत सर्वांचे करावयाचे तर ते आखडावे लागते. मूळ कविता पुस्तकात शाबूत असते.

मराठवाडा कोठे आहे ? मूळ गीताच्या पहिल्या कडव्यात नद्यांची नावे आहेत. त्यांत गोदावरी आहे, म्हणून नांदेडकरांना आपण पंगतीत असल्याचे समाधान मिळते. मांजरा नाही, म्हणून लातूरकर हिरमुसतात. परंतु त्या नद्यांविषयी कवीने जी कल्पना केली, ती आठवून पाहावी. नद्या अनेक, पण त्या मातीच्या घागरीत भरतात ते पाणी ऐक्याचे. कवीच्या कल्पनेला कुणी पुरावा मागत नाही. तरी तो पुरावा एकदा मिळाला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरेवरील धनेगावचे धरण कोरडे पडले होते. मिरजेहून कृष्णेचे पाणी भरलेली आगगाडी निघाली आणि १२ एप्रिलला लातूरला पोचली. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्या उन्हाळ्यात त्या गाडीची वाट पाहत फलाटाकडे डोळे लावून बसलेले लातूरकर आज या सभागृहातही असतील. कृष्णेचे नाव गीतात आहे, मांजरेचे नाही. त्या वर्षी मात्र कृष्णा मांजरेच्या घरी घागर घेऊन आली. नावाचा हट्ट धरण्यापेक्षा त्या गाडीचे स्मरण ठेवणे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

यातच तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते शासनाला सोयीचे नाही. पाण्याचे बोला, असे म्हणणारा मनुष्य गीताचा शत्रू नव्हे. तो गीताचा अर्थ मागत आहे. गाडीने आणलेले पाणी हा संकटातील शेजारधर्म झाला. दर उन्हाळ्यास गाडी हे काही धोरण होत नाही. मराठवाड्यासाठी १९९४ साली वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले, कारण अनुशेष आहे हे राज्याने मान्य केले होते. त्या मंडळाची मुदत २०२० मध्ये संपली, अनुशेषाची मुदत संपली नाही. राज्यगीत हे वचन असते. ते गाणाऱ्याला वचन पुरे करा म्हणण्याचा हक्क असतो. निजामाचे गीत गाणाऱ्याला असा हक्क नव्हता. या दोन गीतांमधील हाच मुख्य भेद आहे. तो भेद राखणे हे गाणाऱ्याच्याही हाती आहे.

आता चौथा प्रश्न. न गाणाऱ्याचे काय ? १९८६ साली केरळातील तीन मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. राष्ट्रगीत चालू असता ती मुले आदराने उभी राहत. परंतु त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढले. न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास सांगितले. आदराने उभा राहणारा अपमान करीत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. तमिळनाडूत २०२१ साली उच्च न्यायालयाने म्हटले की तमिळ मातेच्या स्तवनगीताला उभे राहण्याची कायदेशीर सक्ती नाही. आणि थोड्याच दिवसांत तेथील शासनाने ते राज्यगीत म्हणून जाहीर करून उभे राहण्याचा आदेश काढला. सक्ती किती जवळ उभी असते, याचे हे उदाहरण.

आमच्या सीमेवर हा प्रश्न पुस्तकी नाही. देगलूर-बिलोलीच्या शाळांत घरी तेलुगू बोलणारी मुले आहेत. उदगीर-निलंग्याकडे कानडी घरे आहेत. नांदेडला गुरुद्वाऱ्यातील कीर्तन गोदावरीकाठी पंजाबीत चालते, आणि इतवाऱ्यात उर्दू ही घरची भाषा आहे. ही सारी मुले परिपाठाला आमचे राज्यगीत म्हणतात. नदीपलीकडे बीदर-भालकीस मराठी घरातील मुले कानडी नाडगीत म्हणतात. तेथल्या मराठी मुलाशी गुरुजींनी जसे वागावे असे आम्हांस वाटते, तसेच येथल्या तेलुगू मुलाशी आमच्या गुरुजींनी वागावे. तो चुकला, अडखळला, गप्प राहिला, तर त्याला गीताचा अर्थ समजावून सांगावा, छडी दाखवू नये. १९३८ साली गाण्यापायी ज्यांना वर्गाबाहेर काढले, त्यांच्या वारसांनी न गाण्यापायी कुणाला वर्गाबाहेर उभे करावे, यासारखी इतिहासाची थट्टा नाही.

राज्यगीत स्वीकारावे असेच आमचे मत आहे. ते चांगले गीत आहे, आणि गेली साठ वर्षे ते आमच्या अंगावर रोमांच उभे करीत आले आहे. परंतु ते आम्ही मराठवाड्याच्या रीतीने स्वीकारावे. त्यातील वचनाचा हिशेब मागत राहावे. ज्यांची मातृभाषा वेगळी त्यांना ते प्रेमाने शिकवावे. आणि शेजारच्यांचे गीत लागले असता त्यांच्या गावात आपणही सावधान उभे राहावे. बीदरला गेलेला लातूरकर आणि निजामाबादला गेलेला नांदेडकर एवढे करील, तर १९२१ च्या त्या सभेचे थोडे देणे फिटेल. मांजरा कंदकुर्तीला गोदावरीस मिळते तेव्हा तिच्या पाण्याला तिन्ही मुलखांची माती लागलेली असते. त्या पाण्यावर वाढलेल्या माणसांना एवढे जड जाऊ नये.